हात पोचेल अशी गाडी

“मधे डबा असलेली घ्यायची नाही, खांडा. वर्ष बघ, रंग बघ, तुझ्या लामांना काय विचारायचं ते विचार. पण मधे डबा नको. हात पोचला पाहिजे.”

लोदोयचं हे बोलणं अजून कानात आहे. आवाज खोल गेलेला, आणि वाक्याच्या मधे दोन-तीनदा थांबलेला, थांबे घेत जाणाऱ्या ट्रॉलीबससारखा. उलानबातरच्या रस्त्यांवर त्याने उभा जन्म ट्रॉलीबस चालवली. मी त्याच्याच गाडीवर आधी तिकिटं फाडायला होते, मग त्यानेच मला चाकावर बसवलं. स्वतःची गाडी मात्र आम्ही कधी घेतली नव्हती. घ्यावीशीही वाटली नव्हती. आणि आता, यकृत पार गेल्यावर, इस्पितळाने घरी न्या म्हटल्यावर, भर थंडीत आम्ही गाड्यांच्या बाजारात उभे होतो.

सकाळच्या कोळशाच्या धुरात बाजार अर्धा बुडालेला होता. रांगेने लावलेल्या जपानी गाड्या, काचेआड पुठ्ठ्यावर लिहिलेलं वर्ष आणि ग्रेड, आणि आत शेगडी लावून बसलेले विकणारे. गिऱ्हाईक अगदी दाराशी आलं तरच काच बोटभर खाली व्हायची. लोदोयने मेंढीच्या कातड्याचा जाड देल, आमचा लांब अंगरखा, घातला होता. पोटात पाणी झाल्यामुळे कंबरपट्टा वर छातीशी बांधावा लागे. त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा बघून एक-दोघांनी काच पुन्हा वर केली. माणसं आहेत, घाबरतात. मी मनातल्या मनात जप चालू ठेवला.

पुढे झोरिग चालला होता, लोदोयच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. गाड्यांतलं त्याला सगळं कळे. विमानतळावरून माणसं आणायची-सोडायची, हाच त्याचा धंदा. या बाजारात हायब्रिड गाड्यांना नावाने कोणी ओळखत नाही, नंबराने ओळखतात. वीस नंबर म्हणजे जुनी, तीस म्हणजे तिच्या पुढची, आणि एकेचाळीस म्हणजे लांब पाठीची, सामानाला ऐसपैस. आम्हाला एकेचाळीसच हवी होती. एवढं ठरलेलं होतं. पण एकेचाळीसमध्येही किती प्रकार! झोरिग बोटांवर सांगत होता, की एस म्हणजे साधी, जी म्हणजे भरलेली, आणि त्यांच्या मधे आणखी दोन-तीन, ज्यांचा फरक विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

“ही बघा मामा. अकराची, जी ग्रेड. चामड्याच्या सीटा, सीटला शेगडी, छताला काच.”

“छताला काच कशाला?”

“आभाळ दिसतं.”

“आभाळ मला लवकरच पुष्कळ दिसणार आहे. पुढची दाखव.”

झोरिग हसला नाही. मलाही हसू आलं नाही, पण लोदोयला स्वतःचं बोलणं आवडलेलं दिसलं. तो रांगेत पुढे सरकला आणि वाकून एका चाकाला हात लावला. भरलेल्या ग्रेडला चाकं मोठी असतात आणि रबर पातळ. शहरातल्या बायकांच्या उंच टाचा आहेत या, तो म्हणाला, पहिल्याच दगडावर मुरगळतील. दिवेही त्याला पसंत पडले नाहीत. वरच्या ग्रेडचे पांढरे दिवे झगझगीत खरे, पण थंड. त्यांच्यावर बर्फ बसला की बसला. साध्या ग्रेडचा पिवळा दिवा तापतो आणि आपला आपण बर्फ वितळवतो. मला मात्र शेगडीची सीट हवी होती. त्याला हल्ली चुलीपाशीही कुडकुडायला व्हायचं. मी हळूच तसं म्हटलं.

“शेगडी बसणाऱ्याला असते,” तो म्हणाला. “मी निजून जाणार आहे.”

कुठे जाणार, ते सांगते. पश्चिमेला, आर्खांगाईत, तामिर नदीच्या एका खोऱ्यात लोदोयची नाळ पुरलेली आहे. तिथे त्याची थोरली बहीण दोल्गोर अजून मेंढरं राखते. लहानपणी शाळेसाठी शहरात आला तो ट्रॉलीबसच्या तारेला बांधला गेला. उन्हाळ्यात चार दिवस जायचा, तेही दर वर्षी नाही. इस्पितळातून आणलं त्या संध्याकाळी मी चुलीत कोळसा घालत होते, तेव्हा तो एवढंच म्हणाला, की मला तिकडे ने. वाटेत काही झालं तरी गाडी मागे वळवायची नाही. मी हो म्हटलं. लामांनी दिलेल्या पाच शिलांच्या पलीकडे मी आयुष्यात फारशा शपथा घेतलेल्या नाहीत. ही घेतली.

पण न्यायचं कसं? लांबच्या बसमध्ये अशा माणसाला घेत नाहीत. भाड्याच्या गाडीवाल्याने त्याला बघितलं आणि आठवलं म्हणाला, की आज गाडी दुरुस्तीला द्यायची आहे. ज्या गाडीत माणूस जातो तिच्यात पुन्हा कोणी बसत नाही, ती कोणी विकतही घेत नाही. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कोणी पाटी लावत नाही, पण कळतं. झोरिगकडे अशीच एकेचाळीस नंबरची गाडी होती, वरच्या ग्रेडची. त्याच्या घरी जाऊन मी विचारलं होतं. त्याची बायको पोटुशी होती, तिने चहाचा वाडगा माझ्यापुढे दोन्ही हातांनी ठेवला आणि मान वर केली नाही. मग झोरिग म्हणाला, मामी, मी तुम्हाला चांगली बघून देतो. आणि खरंच, त्या दिवसापासून तो आमच्यासाठी बाजार पालथा घालत होता. बाजारात तो त्याच्या गाडीने आला, आम्ही बसने. यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. येणाऱ्या जीवाचंही बघावं लागतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही रांगा फिरलो. सगळ्यात जास्त वेळ गेला तो मधल्या डब्यावर. एकेचाळीस नंबर दोन तऱ्हेची येते. पाच माणसांची आणि सात माणसांची. सातवालीत मागे जागा लागते म्हणून तिची बॅटरी पुढच्या दोन सीटांच्या मधे बसवलेली असते, कोपरभर उंच डब्यात. बाहेरून दोन्ही सारख्या. प्रत्येक गाडीत लोदोय डाव्या सीटवर बसायचा, मला उजवीकडे चाकावर बसवायचा, आणि सीट मागे पाडून आडवा व्हायचा.

“हात टाक.”

मी टाकायचे. डब्यावर कोपर आपटायचं.

“ही नको.”

विकणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा बॅटरी तपासतोय. एकाने तर कौतुक केलं, की हुशार गिऱ्हाईक आहे, सातवालीची बॅटरी लवकर तापते ते याला बरोबर ठाऊक. लोदोय उठून बसायला वेळ घ्यायचा. उठला की माझ्याकडे न बघता म्हणायचा, तू चालवत असशील. गाडी थांबवून माझ्याकडे वाकून बघत बसशील तर वाटेतच रात्र होईल. चालता चालता हात लावला की कळलं पाहिजे.

काय कळलं पाहिजे ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गांदान मठात गेले. दिवा लावला, आणि रांगेत बसून म्हाताऱ्या लामांना विचारलं, की कुत्र्याच्या वर्षात जन्मलेल्या माणसासाठी कुठल्या वर्षाची गाडी बरी. हे ऐकून आजकालची पोरं हसतात. आमच्यात अजून पुष्कळ जण विचारतात, फक्त सांगत नाहीत. आमच्याकडे वर्षांना बारा जनावरांची नावं असतात, लामांनी त्यांच्या हिशेबाने बोटांची पेरं मोजली. ससा चांगला. वाघ, घोडा चांगले. ड्रॅगन नको, तो कुत्र्याच्या बरोबर समोर उभा राहतो.

घोड्याचं वर्ष म्हणजे दोन हजार चौदा. झोरिगची गाडी चौदाची होती. हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो माळेच्या पुढच्या मण्याबरोबर पुढे ढकलला.

चौदाच्या साध्या गाड्या आमच्या आवाक्यात नव्हत्या. सशाच्या वर्षाच्या, म्हणजे अकराच्या, मिळत होत्या त्या सातवाल्या. लोदोय दिवसेंदिवस उतरत चालला होता. खाणं म्हणजे मटणाच्या कढणाचे चार घोट. आठवड्याने झोरिगचा फोन आला, की एक आहे, बाजारात नाही, एका जनावरांच्या डॉक्टरांच्या घरी. पाचवाली, साधी एस, लहान चाकं, पिवळे दिवे. एकाच हातची. डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यामुळे ते गाडी विकताहेत.

“वर्ष कुठलं?” मी विचारलं.

“बारा.”

बारा म्हणजे ड्रॅगन.

तरीही आम्ही बघायला गेलो. जिगजिद त्यांचं नाव. सरकारी नोकरीत असताना हिवाळा-उन्हाळा गावोगाव जनावरांना लस टोचत फिरलेले. गाडी त्यांनी पत्र्याच्या गॅरेजमध्ये ठेवली होती, आणि पुढच्या काचेवर आतून जुनी गोधडी पांघरली होती, घोड्याला थंडीत पाठीवर घालतात तशी. लोदोयने ती गोधडी बघितली आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं, की त्याचं ठरलं.

जिगजिदनी बटण दाबलं. बाहेर एवढी थंडी, पण गाडीने एक लहानसा हुंकार दिला आणि गप्प झाली. मला वाटलं बंद पडली.

“चालू आहे,” लोदोय म्हणाला. “तारेशिवायची ट्रॉलीबस आहे ही. आपल्याच घरातली.”

झोरिगने बॉनेट उघडून आतल्या पट्टीवरचा नंबर घेतला आणि फोनवर घालून बघितला. मग माझ्याकडे वळला. “मामी, कागदावर बारा आहे. पण बनलीय जानेवारीत. आपला पांढरा महिना, म्हणजे नवं वर्ष, त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला लागला होता. म्हणजे गाडी सशाची.”

मी हात जोडणार, तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, “फक्त जपानात एक जानेवारीलाच वर्ष बदलतं. तिथं जन्मली ना. मग तिथल्या हिशेबानं ड्रॅगनच.” आणि तो पहिल्यांदाच मोकळा हसला.

“तिलाच विचार, तिला काय वाटतं,” लोदोय म्हणाला.

जिगजिद म्हातारे, गंभीर गृहस्थ. त्यांना ही थट्टा वाटली नाही. त्यांनी नीट विचार करून सांगितलं, की सरकारने एकदा परदेशातून वळू आणले होते, तेव्हाही हाच प्रश्न पडला होता. जनावर कुठे जन्मलं त्यावरून त्याचं वर्ष धरत नाहीत. ज्याच्या कुरणात चरतं, पंचांग त्याचं.

मी ससा धरला. मनाला पटलं म्हणून धरला, की दुसरी गाडी शोधायला आता दिवस नव्हते म्हणून, ते देवाला माहीत.

मग जिगजिदनी विचारलं, की गाडी न्यायची कुठे. घोडा विकतानासुद्धा विचारतात, त्यात वावगं काही नाही. झोरिग पटकन म्हणाला, मामांना गावी न्यायचंय, जरा हवापालट. जिगजिदनी मान डोलावली आणि गोधडीची घडी घालू लागले. त्यांना धड दिसत नव्हतं. लोदोयचा रंग त्यांना दिसलेला नसावा.

मी रोज सकाळी पाच शिलं म्हणते. चौथं खोटं न बोलण्याचं. ते झोरिगने मोडलं होतं, मी नाही. पण गाडी माझ्या नावावर व्हायची होती.

“येताना मी एकटी असेन,” मी म्हटलं.

झोरिग बुटाने बर्फ उकरत राहिला. जिगजिद लोदोयच्या अगदी जवळ गेले, मोतीबिंदूचे डोळे बारीक करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, जनावराकडे बघतात तसे. मग विचारलं, “कुठलं खोरं?”

लोदोयने सांगितलं.

“तिथं मी आलोय. ओढ्याच्या वर लाल खडक आहे.”

“त्याच्या पायथ्याशी आमचा हिवाळी गोठा.”

“वारा लागत नाही तिथं.”

“नाही लागत,” लोदोय म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. जिगजिदनी स्वतः पुढची डावी सीट मागे पाडली, मागची सरकवून सपाट केली, त्यावर गोधडी अंथरली. लोदोय आडवा झाला. मी चाकावर बसले.

“हात टाक.”

मी वळून हात लांब केला.

“बघून नाही. डोळे समोर. शिकवलंय ना तुला.”

मी समोर पत्र्याच्या भिंतीकडे बघत डावा हात बाजूला नेला. मधे काही आडवं आलं नाही. त्याचं मनगट हाताला लागलं, वाळलेल्या काटकीसारखं. आत नाडी भरभर चालली होती.

“पोचला,” मी म्हटलं.

“हीच,” तो म्हणाला.

घोडा विकताना आमच्यात लगाम देत नाहीत. शेपटीचे चार केस काढून ठेवतात, घराची बरकत घोड्यामागून जाऊ नये म्हणून. जिगजिदनी सीटच्या खोळीचा एक दोरा उपसला आणि देलच्या आत छातीशी ठेवला. बाहीने बॉनेट पुसलं. आरशाला निळं रेशमी खादाग, मानाचं वस्त्र, बांधलेलं होतं. ते सोडून त्यांनी हातात घेतलं. तो त्यांचा लगाम, घरी न्यायचाच. पण मग चाचपडत त्यांनी ते पुन्हा आरशाला बांधलं.

“लगामासकट ने, ताई,” ते म्हणाले. “एवढ्या लांबच्या माणसाला न्यायचंय. उघड्या तोंडानं धाडू नये.”

गाडी आमच्या कुंपणात आली. प्रवासाला बरा दिवस लामांनी दिला तो आणखी काही दिवसांवर होता. लोदोय म्हणाला, थांबू. एवढे थांबे घेतले, आणखी एक.

त्या दिवसांत रोज दुपारी, धूर जरा वर गेला की, मी त्याला गाडीत निजवून टेकडीखालच्या रस्त्यावर चक्कर मारून आणायचे. आयुष्यभर लांबलचक गाडी हाकलेली मी, पण ही हलकी, निसटती. तो आडव्यानेच शिकवायचा. ब्रेक दाबू नकोस, नुसता पाय उचल, ती आपली आपण थांबते आणि थांबताना वीज परत घेते. ट्रॉलीबस कुठे असं करायची, तो म्हणायचा, दिलेलं परत घेणं तिला माहीत नव्हतं. जुन्या दिवसांचं बोलायचा. कडाक्याच्या थंडीत तारेवरून टपावरचे दांडे निसटायचे तेव्हा तो खाली उतरून दोरी ओढायचा, आणि मी मागच्या खिडकीतून डोकं काढून सांगायचे, डावीकडे, आणखी डावीकडे. गाडी भरलेली, माणसं शिव्या देताहेत. त्याच्या पापण्यांवर बर्फ. एकदा दांडा तारेला लागला आणि ठिणगी पडली, तेव्हा म्हणे त्याने मला पहिल्यांदा नीट बघितलं. मी म्हटलं, खोटं. तोवर वर्षभर तू माझ्या डब्यातली पुऱ्यांसारखी तळलेली पोळी खात होतास. तो म्हणाला, पोळी बघितली होती.

एकदा मागे न वळता मी त्याला विचारलं, भीती वाटते का. तो म्हणाला, रस्त्याची नाही.

लामांनी दिलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी, पहाटे मी चहा केला. पहिला चहा आभाळाचा. नऊ खळग्यांच्या लाकडी चमच्याने चारी दिशांना शिंपडायचा, हा माझा नेम लग्नाच्या आधीपासूनचा. बाहेर श्वास गोठत होता. गाडीच्या टपावर पांढरं पडलं होतं. मी चहा शिंपडून, नमस्कार करून आत आले आणि दुसरा वाडगा त्याच्यासाठी भरला. वाडगा हातात घेऊन त्याच्याकडे वळले.

आमच्यात गेला असं म्हणत नाहीत. देव झाला म्हणतात.

वाडगा मी देवापुढे ठेवला. डॉक्टर आला, कागद झाला. लामा आले, त्यांनी पोथी उघडली. दिशा पश्चिम. दिवस निघाला तो तोच, प्रवासासाठी आधी दिलेला. मी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा तोच सांगितला. वराहाच्या वर्षातल्या माणसाने पुढे होऊन हात लावावा. ती मी. आणि ड्रॅगनच्या वर्षात जन्मलेल्यांनी स्पर्श करू नये, मुख बघू नये, मागून येऊ नये.

झोरिग ड्रॅगनच्या वर्षातला. तो दारातूनच मागे सरला. ते दोन दिवस तो कुंपणाबाहेर उभा राहून जे लागेल ते आणून देत होता, लाकूड, पीठ, दुधाची पिशवी, आणि आत बघू नये म्हणून गेरकडे, आमच्या गोल तंबूकडे, पाठ करून उभा राहायचा. नातेवाइकांचं म्हणणं पडलं, की आता इतक्या लांब कशाला. शहरातही पुरायची जागा आहे की. जिवंत माणसाला दिलेला शब्द वेगळा, ते म्हणाले. मी कोणाशी वाद घातला नाही. गाडीत गोधडी अंथरली.

निघायच्या सकाळी शेजारच्या दोघांनी, ज्यांची वर्षं चालत होती, लोदोयला पांढऱ्या कापडात उचलून आणलं. पाय पुढे, डोकं मागे, जसा तो दुपारच्या फेरीला निजायचा तसाच निजवला. दार लावलं. मी दुधाची वाटी घेऊन बाहेर आले तर फाटकापलीकडे झोरिगची गाडी उभी होती, चालू. झोरिग तिच्या दाराशी. या दिवसांत एकदाही त्याने ती आमच्या कुंपणाजवळ आणली नव्हती.

“मामी.” त्याने पाठ वळवलेलीच होती. “माझी न्या.”

मी दुधाची वाटी आमच्या गाडीच्या टपावर ठेवली.

“तुमच्या गाडीच्या कागदावर ड्रॅगन आहे. मला बंदी, मग तिला कशी चालेल? माझी घोड्याची. लामांनी घोडा चांगला म्हटलाय, तुम्हीच सांगितलंत.” त्याने खिशातून किल्ली काढली. “सीटला शेगडी आहे.”

“घरी विचारलंस?”

“तिनंच पाठवलं.”

किल्ली त्याने मागे हात करून माझ्याकडे धरली होती. हातमोजा काढलेला होता, बोटं लाल झाली होती. लोदोय आजारी पडल्यापासून मी याच किल्लीसाठी किती माळा ओढल्या असतील. त्याच्या धंद्याचं काय होईल, पोरगं आल्यावर त्याला कशात आणतील, हे सगळं त्याला माहीत होतं, आणि तरी तो उभा होता. मी त्याच्या गाडीच्या काचेतून आत बघितलं. चामड्याच्या सीटा, छताला काच, काचेत पहाटेचं करडं आभाळ. आणि दोन सीटांच्या मधे तो कोपरभर उंच डबा.

“झोरिग,” मी म्हटलं, “तुझ्या गाडीला मधे डबा आहे रे.”

“पण आता...” तो म्हणाला, आणि पुढचं त्याने गिळलं. मग हळूहळू किल्ली मुठीत घेतली. मान खाली गेली. खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, जाड कोटावरून.

“घरी जा. तिला गरम सूप करून दे.”

“आईला सांगा...”

“सांगते.”

मी चारी चाकांना दूध शिंपडलं. जातानाच्या वाटेवर मागे बघायचं नसतं, म्हणून आत बसल्यावर मधला आरसा वर फिरवला, खादाग त्याच्यावर सारखं केलं. बटण दाबलं. गाडीने हुंकार दिला आणि गप्प झाली. चालू होती.

टेकडी उतरून मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा ट्रॉलीबसची पहिली फेरी निघाली होती. माझ्या डोक्यावर दोन तारा, पुढेपर्यंत. पश्चिमेच्या टोकाला त्या एका चौकात गोल फिरतात. तिथे गाडी रिकामी करायची, वळायचं आणि आल्या वाटेने परत निघायचं. तो चौक लोदोय किती वेळा फिरला त्याची गणती नाही. त्याच्या पलीकडचा रस्ता आम्ही दोघं रोज बघत होतो, काचेतून, वळता वळता.

चौक आला. मी पाय उचलला, ती आपली आपण मंद झाली. वरच्या तारा डावीकडे वळून मागे गेल्या.

मी डोळे समोर ठेवले, डावा हात बाजूला नेला, आणि सरळ गेले.